बी.फार्म.नंतर एमबीबीएस : इंदूरहून अर्ज करणाऱ्यांसाठी

"चार वर्षं औषधंच शिकलास ना? मग डॉक्टरकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेत नाहीत का?" हे घरातलं कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याची चूक नाही. डी.फार्म. झालेल्याला बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, डिप्लोमा झालेल्याला इंजिनिअरिंगला मिळतो. एमबीबीएसला मात्र अशी सोय नाही. डी.फार्म., बी.फार्म., एम.फार्म., सहा वर्षांचं फार्म.डी., काहीही झालेलं असो, रांग बारावी झालेल्या मुलांचीच आणि परीक्षा एकच, नीट. तुमची पदवी अर्जात गुण वाढवत नाही, प्रवेशाच्या फेरीत पुढे नेत नाही आणि एमबीबीएसच्या एकाही विषयातून सूट देत नाही.

दुसऱ्या बाजूने, ती आडही येत नाही. वयाची वरची मर्यादा राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ मध्ये काढून टाकली, आणि किती वेळा परीक्षा द्यायची यावरही बंधन नाही. खालची अट तेवढी आहे : प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण. फार्मसीवाल्याला ती कधीच लागू होत नाही.

आधी बारावीची मार्कशीट काढा

बी.फार्म.ची आठ सेमिस्टरं कपाटात ठेवा आणि बारावीची मार्कशीट समोर घ्या. तुमची पात्रता त्याच कागदावर ठरते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय हवेत. प्रत्येकात पास हवं, आणि पहिल्या तिन्ही विषयांत मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना ४० टक्के.

इथे दोन ठिकाणी मुलं अडकतात.

पहिला गट गणितवाल्यांचा. फार्मसीला भौतिक, रसायन आणि गणित घेतलेल्यांनाही प्रवेश मिळतो, त्यामुळे तुमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांच्या बारावीत जीवशास्त्र नव्हतंच. पहिल्या सेमिस्टरला त्यांना 'रेमेडियल बायोलॉजी' द्यावं लागलं होतं. तो पेपर दाखवून भागेल अशी समजूत असते. भागत नाही, कारण तो विद्यापीठाचा पेपर, बोर्डाचा नाही. मार्ग दुसरा आहे : नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने निर्णय घेतला की बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डाकडून जीवशास्त्र जादा विषय म्हणून पास झालेल्यांनाही नीट देता येईल. त्यामुळे गणितवाल्याचं पहिलं काम म्हणजे बोर्डाचा फॉर्म. कोणत्या बोर्डाचा, त्यात प्रात्यक्षिक आहे का, निकाल काउन्सेलिंगच्या (जागावाटपाच्या फेऱ्यांच्या) आधी हातात पडेल का, हे आधी विचारून घ्या आणि मगच कोचिंगचे पैसे भरा. बायोलॉजीचा निकाल उशिरा लागला तर नीटचे गुण त्या वर्षी नुसतेच कागदावर राहतात.

दुसरा गट काठावर पास झालेल्यांचा. डी.फार्म.ला विज्ञान शाखेची बारावी पास असणं पुरतं. त्यामुळे ४६ टक्क्यांवर फार्मासिस्ट होता येतं, पण खुल्या वर्गातून नीटमार्फत डॉक्टर होता येत नाही. असं असेल तर आपल्या बोर्डाचे गुणसुधार परीक्षेचे नियम आधी पाहा. नंतर "फार्मसीला ७८ टक्के आहेत हो" असं सांगून काही होत नाही, कुणी ऐकत नाही.

नाव, दाखले आणि महाराष्ट्राचा मोह

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इंदूरच्या मराठी घरांतली निम्मी धावपळ इथेच होते, म्हणून जरा थांबून लिहितो.

नाव. अर्जात नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच लागतं. आपल्याकडे आधारवर 'स्वतःचं, वडिलांचं, आडनाव' असं तिहेरी नाव असतं आणि इथल्या बोर्डाच्या मार्कशीटवर बहुतेकदा फक्त नाव आणि आडनाव. आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं तर विचारू नका : देशपांडे, क्षीरसागर, शिंदे हे तिघेही दोन-दोन, तीन-तीन प्रकारे लिहिलेले सापडतील. लग्न झालेल्या मुलींचं तर आडनावच बदललेलं, काही घरांत पहिलं नावसुद्धा. आधार दहावीप्रमाणे करून घेणं हे जानेवारीच्या आत उरकायचं काम आहे. फेब्रुवारीत फॉर्म सुरू झाला की आधार केंद्रांवर गर्दी होते.

मूळ निवासी प्रमाणपत्र. सरकारी आणि खाजगी महाविद्यालयांच्या ज्या जागा राज्याच्या वाट्याच्या आहेत, त्यांसाठी मध्य प्रदेशचं मूळ निवासी प्रमाणपत्र हवं. ते लोकसेवा केंद्रातून निघतं. होळकरांच्या काळापासून इथे असलेल्या घरांना हा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो वडिलांच्या बदलीमुळे पाच-सात वर्षांपूर्वी राजेंद्रनगर किंवा सुदामानगरला येऊन राहिलेल्यांना.

आणि आता तो मोह. आजोळ पुण्याला, आत्या नागपूरला, घरात मराठी बोलतो, मग महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांतून, म्हणजे तिथल्या राज्य कोट्यातून, प्रयत्न का करू नये? कारण तिथे भाषा विचारत नाहीत. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यासाठी तिथलं अधिवास प्रमाणपत्र तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही सर्वसाधारणपणे महाराष्ट्रातून झालेली लागते. इंदूरला बारावी केलेल्याला तो कोटा बंद. उरतो तो अखिल भारतीय १५ टक्के कोटा, जो सगळ्यांना खुला आहे, आणि तिथल्या खाजगी महाविद्यालयांच्या बाहेरच्यांना खुल्या जागा, ज्यांची फी ऐकून आत्याही गप्प होईल.

जातीच्या दाखल्याचंही तसंच. आजोबांच्या गावचा महाराष्ट्राचा दाखला मध्य प्रदेशच्या राज्य कोट्यात आरक्षणासाठी चालत नाही, आणि राज्याची ओबीसी यादी वेगळी, केंद्राची वेगळी. अखिल भारतीय कोट्यात केंद्राच्या यादीप्रमाणे क्रीमी लेयर नसल्याचा दाखला मागतात. तो आणि ईडब्ल्यूएसचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा असावा लागतो, म्हणजे मार्चमध्ये काढून ठेवलेला जुलैत कामाला येत नाही.

आधी हिशेब, मग राजीनामा

बी.फार्म. संपतं तेव्हा वय २२. तयारीचं एक वर्ष धरा, बहुतेकांना दोन लागतात. एमबीबीएस साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे तिशीला येता येता हातात नुसतं एमबीबीएस. पुढे एमडी करायचं तर आणखी तीन. या काळात वर्गमित्र पीथमपूरच्या कंपनीत क्वालिटी अ‍ॅश्युरन्सला पक्के झालेले असतील, एखाद्याने सांवेर रोडला स्वतःचं छोटं युनिटही टाकलं असेल. हे बघवत असेल तरच पुढे जा.

मुलींच्या घरी हा हिशेब वेगळ्या शब्दांत होतो : "आता स्थळं बघायची की पुन्हा अकरावीची पुस्तकं?" याचं उत्तर मी देणार नाही. पण प्रश्न टाळून तयारी सुरू केली की तो नेमका मार्चमध्ये, मॉक टेस्टच्या आठवड्यात, जेवणाच्या ताटावर येतो. आधीच बोलून घ्यावं, आणि घरच्यांना किती वर्षं मागतोय तो आकडा स्पष्ट सांगावा.

पैसे. सरकारी महाविद्यालयाची वर्षाची फी साधारण लाखाच्या आसपास, खाजगीची दहा लाखांच्या पुढे. बी.फार्म.चं शैक्षणिक कर्ज अजून चालू असेल तर बँकेत आधी विचारा की त्याचे हप्ते पुढे ढकलता येतील का. मध्य प्रदेशच्या सरकारी जागेवर शिकणाऱ्याला नंतर ग्रामीण सेवेचा बाँडही असतो. त्याच्या अटी प्रवेशाच्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत वाचाव्यात, सीनियरने सांगितल्या म्हणून मानू नयेत, कारण त्या बदलत आल्या आहेत.

नोकरी सोडायची का? दवा बाजारात काउंटरवर सकाळी दहा ते रात्री नऊ उभं राहणाऱ्याला, किंवा पीथमपूरच्या बसने फिरत्या शिफ्ट करणाऱ्याला, नीटचा अभ्यास होत नाही. होतो असं सांगणारे भेटतात, त्यांचा निकाल विचारावा. अर्धवेळ मेडिकल स्टोअर, संध्याकाळचे चार तास, एवढं जमतं आणि खर्चालाही बरं पडतं. नोकरी टिकवून "एक वर्ष बघू" म्हणणाऱ्यांपेक्षा मी सहा महिने पैसे साठवून मग सोडणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

शेवटच्या वर्षाला असाल तर फार्मसी सोडू नका. पदवी पूर्ण करा, फार्मासिस्ट म्हणून नोंदणी करा, मग वळा. पहिल्या वर्षाला असाल आणि मन लागतच नसेल तर उलट सांगेन : लवकर ठरवा. दोन्हींच्या मधे असलेल्यांनी सेमिस्टर सांभाळून एकदा नीट देऊन बघावी, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळेल.

अभ्यास : काय येतं, काय येत नाही, आणि काय जास्त येतं

परीक्षेचा साचा सध्या असा : १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. भौतिक ४५, रसायन ४५, जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १. पूर्वी काही प्रश्न पर्यायी असत, २०२५ पासून ती सूट गेली.

भौतिकशास्त्रापासून सुरुवात करा, आणि पहिल्या दिवसापासून. फार्मसीत चार वर्षं ते जवळजवळ सुटलेलं असतं. विद्युतधारा, आधुनिक भौतिकी, सेमीकंडक्टर, उष्मागतिकी, प्रकाशकी हे आधी हातात घ्या, थोड्या मेहनतीत गुण देतात. परिवलन गती (रोटेशनल मोशन) नंतर. आणखी एक सवय मोडावी लागते : सेमिस्टरला सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालत होता, इथे नाही. लॉग, वर्गमूळ, पाढे, सगळं हाताने. पहिले दोन महिने रोज अर्धा तास नुसती आकडेमोड करणाऱ्याला पुढे फार फरक पडतो. कोचिंग लावायचंच तर फक्त भौतिकाचं लावा. भंवरकुआं आणि गीता भवनच्या बाजूला विषयवार बॅचेस मिळतात. सगळ्या विषयांचं पॅकेज घेऊन जीवशास्त्राच्या तासाला कंटाळत बसण्यात अर्थ नाही.

रसायनात तुमची मजा आहे. सेंद्रिय तर झालेलंच असतं. पण २०२४ पासूनच्या अभ्यासक्रमात एक घटक आलाय जो बारावीच्या मुलांना रट्टा मारून शिकावा लागतो आणि तुम्ही बर्नर पेटवून शिकलाय : प्रात्यक्षिक रसायन. पोटॅशियम परमँगनेटने ऑक्झॅलिक आम्लाचं आणि मोहर मिठाचं टायट्रेशन. ऑक्झॅलिक आम्ल गरम का करायचं आणि मोहर मीठ का नाही, आम्ल म्हणून सल्फ्युरिकच का, हायड्रोक्लोरिक का चालत नाही (परमँगनेट त्याचंच क्लोरीन करून टाकतं), वेगळा इंडिकेटर का लागत नाही. पहिल्या दुसऱ्या सेमिस्टरची जर्नल काढा. अ‍ॅसिटॅनिलाइड बनवलं होतं ना? ते पण आहे, आणि पुढे पॅरा-नायट्रोअ‍ॅसिटॅनिलाइडही. हे गुण सोडलेत तर फार्मसी केल्याचा उपयोग काय?

गंमत अशी की ज्या धड्यावर फार्मसीवाल्याने डोळे मिटून गुण घेतले असते, तो 'दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्र', म्हणजे वेदनाशामकं, अँटासिड, अँटिसेप्टिक, तोच त्या वेळी अभ्यासक्रमातून काढला. जीवशास्त्रातून पचन आणि शोषण गेलं. त्यामुळे जुनी पुस्तकं, जुन्या नोट्स उसन्या घेताना आयोगाचा ताजा अभ्यासक्रम शेजारी ठेवा. मोठ्या भावाचा संच वाचून दोन महिने वाया घालवणारी मुलं दरवर्षी दिसतात.

भौतिक कळतं तरी की येत नाही. जीवशास्त्रात फार्मसीवाला वेगळ्याच कारणाने गुण घालवतो : त्याला जास्त येतं. नीटचं उत्तर एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातल्या ओळीतून येतं, तुमच्या फार्माकॉलॉजीच्या जाड पुस्तकातून नाही.

सायक्लोस्पोरिन ए घ्या. एनसीईआरटी सांगते की ते 'ट्रायकोडर्मा पॉलिस्पोरम' या बुरशीपासून मिळतं. तुमच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं 'टॉलिपोक्लाडियम इन्फ्लाटम'. ते चूक नाही, तीच बुरशी पुढे त्या नावाने ओळखली जाऊ लागली. पण पर्यायात ट्रायकोडर्मा असतं आणि तुम्ही "हे तर जुनं" म्हणून पुढे जाता. स्टॅटिनचंही तसं : एनसीईआरटीत 'मोनॅस्कस परप्युरियस' नावाचं यीस्ट, तुमच्याकडे लोव्हास्टॅटिनसाठी 'अ‍ॅस्परजिलस टेरियस'. मानवी इन्सुलिनला तुम्ही १९८२ साल लावता, कारण त्या वर्षी अमेरिकेत मंजुरी मिळाली. एनसीईआरटी एली लिलीच्या कामाला १९८३ लिहिते. मॉर्फिनला तुम्ही फक्त वेदनाशामक म्हणाल, पुस्तकातलं वाक्य त्याला गुंगी आणणारं आणि वेदनाशामक अशी दोन्ही विशेषणं देतं. आणि हो, अफूचं झाड तुम्हाला चित्रात बघायची गरज नाही, नीमच-मंदसौरच्या शेतात बघितलं असेल. परीक्षेत मात्र चित्राखालची ओळच विचारतात.

उपाय एकच, आणि तो रटाळ आहे. अकरावी-बारावीची एनसीईआरटी जीवशास्त्राची दोन्ही पुस्तकं ओळ न ओळ वाचा. जिथे तुमचं ज्ञान आणि पुस्तकातलं वाक्य जुळत नाही, तिथे समासात फुली करा. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात फक्त फुल्यांची पानं वाचायची. फार्माकोग्नोसीमुळे वनस्पतींची कुळं सोपी जातात, सोनामुखी शेंगांच्या कुळातली हे पाठ असतंच. पण अनुवंशशास्त्र, परिस्थितिकी आणि वनस्पतींचं शरीरक्रियाशास्त्र फार्मसीत फारसं शिकवत नाहीत. तिथे तुम्ही बारावीच्या मुलाच्याही मागे असता.

दीर्घ उत्तरांची सवयही आड येते. दहा गुणांचं उत्तर आकृती काढून, 'परिचय' पासून लिहायला शिकलेला माणूस एका मिनिटात एक प्रश्न सोडवायला घाबरतो. ऑक्टोबरपासून दर रविवारी दुपारी २ ते ५ घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवा, कारण खऱ्या परीक्षेची वेळ तीच असते. दुपारी जेवून आडवं व्हायची सवय असेल तर ती आतापासूनच मोडलेली बरी.

फॉर्म आणि परीक्षेचा दिवस

फॉर्म साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. २०२५ मध्ये खुल्या वर्गाची फी १७०० रुपये होती. पात्रतेच्या रकान्यात बारावी पास झाल्याचा पर्याय निवडा, बी.फार्म. मधे आणू नका.

भाषा नीट निवडा. नीट मराठीतूनही होते, पण मराठीची प्रश्नपत्रिका फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते. इंदूरच्या केंद्रावर इंग्रजी, हिंदी किंवा उर्दू. तुम्ही फार्मसी इंग्रजीतून केलीय, इंग्रजीच घ्या. भाषांतरात शंका आली तर इंग्रजी पाठच अंतिम मानतात.

परीक्षा मे महिन्यात आणि माळव्यात तेव्हा वादळी पाऊस येतो. ४ मे २०२५ ला इंदूरच्या काही केंद्रांवर वीज गेली, मुलांनी अंधुक उजेडात पेपर दिला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत गेलं. आधी फेरपरीक्षेचा आदेश निघाला, मग तो रद्द झाला. म्हणजे असं काही झालं तर कोर्टाच्या भरवशावर राहता येत नाही. दोन-तीन मॉक टेस्ट मुद्दाम पंखा बंद करून, खिडकीच्या उजेडात द्या. केंद्र आदल्या दिवशी बघून या, प्रवेशाचं दार दीड वाजता बंद होतं. अर्ध्या बाह्या, साधी चप्पल, दागिने घरी.

निकालानंतर : गुण नाही, रँक

निकालाच्या दिवशी गल्लीतलं गणित सुरू होतं : "गेल्या वर्षी एवढ्या गुणांवर मिळालं होतं." ते सोडून द्या. २०२४ च्या अंतिम निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्यालाच ६८६. त्यामुळे एका वर्षीच्या गुणांवरून दुसऱ्या वर्षीचं काहीच कळत नाही. पाहायचा तो अखिल भारतीय क्रमांक आणि मागच्या वर्षी त्या क्रमांकावर राज्यात कुठली जागा गेली ते. खुल्या वर्गासाठी ५० पर्सेंटाइल (म्हणजे निम्म्या परीक्षार्थींच्या वर) म्हणजे पात्र, पण पात्र होणं आणि सरकारी जागा मिळणं यात मोठं अंतर आहे.

मग दोन ठिकाणी नोंदणी करायची. १५ टक्के अखिल भारतीय कोटा, एम्स भोपाळसकट सगळे एम्स आणि अभिमत विद्यापीठं एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे. ८५ टक्के राज्य कोटा मध्य प्रदेशच्या वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, एमपी ऑनलाइनच्या पोर्टलवर. एकीकडे नोंदणी केली म्हणजे दुसरीकडे आपोआप होत नाही.

पसंतीक्रम भरताना इंदूरच्या मुलांचा एक हट्ट असतो : एमजीएम (इंदूरचंच सरकारी वैद्यकीय महाविद्यालय) किंवा काहीच नाही. एम.वाय.सारखं रुग्णालय असलेलं, १९४८ पासूनचं महाविद्यालय, हट्ट समजण्यासारखा आहे. पण सगळ्या राज्याचा डोळा त्याच्यावर असतो. तेवीस-चोवीस वर्षांच्या माणसाने विदिशा, रतलाम, खंडवा ही सरकारी महाविद्यालयं यादीत खाली का होईना, भरलीच पाहिजेत. रतलाम तर सकाळच्या गाडीने घरचं. पोहे खाऊन निघालं तरी चालतं.

अखिल भारतीय कोट्याच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा नको असेल तर मोकळेपणाने सोडता येते. पुढच्या फेऱ्यांत अनामत जाते, शेवटी शेवटी तर जागा घेतली की सुटका नाही. राज्याचे नियम दरवर्षीच्या पुस्तिकेत पाहा.

एजंटांबद्दल एवढंच : नीटशिवाय एमबीबीएसचा प्रवेश भारतात कुठेच नाही, खाजगीतही नाही. व्यवस्थापन कोट्याची जागाही काउन्सेलिंगमधूनच जाते. व्यापमंचा, म्हणजे मध्य प्रदेशच्या व्यावसायिक परीक्षा मंडळाचा, घोटाळा २०१३ मध्ये इंदूरमध्येच उघडा पडला होता, त्या शहरात तरी "आतून करून देतो" ऐकून कुणी आगाऊ रक्कम देऊ नये. परदेशात जायचं तरी नीट पात्र असावं लागतं. तिथला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून असावा, त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप व्हावी, आणि परत आल्यावर इथली परीक्षा आणि पुन्हा बारा महिने इंटर्नशिप. हे धरून वर्षं मोजा, नुसती फी पाहू नका.

नंबर लागलाच नाही तर? त्याच गुणांवर बीडीएस आणि आयुर्वेद आहे, पण ते "डॉक्टर तर होईन" एवढ्यासाठी घेऊ नये. रुग्णाजवळ राहायचंच असेल तर बी.फार्म.वाल्याला तीन वर्षांचं फार्म.डी. पोस्ट बॅकलॉरिएट आहे, ते डॉक्टरकीला पर्याय म्हणून मी सुचवत नाही, वेगळं काम म्हणून सुचवतो. जीपॅट (एम.फार्म.ची प्रवेश परीक्षा) आणि एम.फार्म. तर आहेच.

जागा मिळाल्यावर, रुजू होण्याआधी

फार्मसीवाल्यांनाच लागू असलेली एक गोष्ट इथे आहे आणि ती कुणी सांगत नाही. तुमचं नोंदणी प्रमाणपत्र एखाद्या मेडिकल स्टोअरच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं असेल, म्हणजे दुकानाच्या परवान्यावर फार्मासिस्ट म्हणून तुमचं नाव असेल, तर रुजू होण्याआधी ते काढून घ्या. बरेच जण महिन्याचे काही हजार येतात म्हणून राहू देतात. औषध नियमांप्रमाणे त्या दुकानातली विक्री नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली व्हायला हवी, आणि तुम्ही तेव्हा अ‍ॅनाटॉमी हॉलमध्ये असाल, जिथे थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. तपासणी झाली तर दुकानदाराबरोबर तुमचंही नाव येतं. दुकानदाराला लेखी राजीनामा द्या, एक प्रत औषध निरीक्षकांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. तोंडी "काका, आता दुसरा बघा" पुरेसं नाही. नोंदणी स्वतः मात्र रद्द करू नका, वेळच्या वेळी नूतनीकरण करत राहा.

कागद : दहावी, बारावी, बी.फार्म.ची सगळी सेमिस्टरं, फार्मसी महाविद्यालयाचं टीसी, विद्यापीठाचं मायग्रेशन, मधल्या वर्षांचं शपथपत्र, मूळ निवासी, जातीचे दाखले, नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, आणि प्रवेशपत्रावर होता तोच फोटो. टीसी-मायग्रेशनला विद्यापीठ सवडीने वेळ घेतं, म्हणून निकालाची वाट न बघता अर्ज करा. मूळ कागद महाविद्यालय ठेवून घेतं. जमा करण्याआधी सगळ्यांच्या रंगीत स्कॅन प्रती आणि चार-चार साक्षांकित झेरॉक्स काढून ठेवा. फार्मसी कौन्सिलच्या नूतनीकरणाला दहावीची मार्कशीट नेमकी तेव्हा लागते, जेव्हा ती दुसऱ्या कुणाच्या तिजोरीत असते.

पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. फार्मसीत हे झालंय असं वाटून सैल राहणारे पहिल्या इंटर्नलला अ‍ॅनाटॉमीत आपटतात, कारण आपण शरीर पुस्तकात पाहिलेलं असतं आणि इथे टेबलावर मृतदेह असतो. पहिलं वर्ष जास्तीत जास्त चार प्रयत्नांत आणि सगळं एमबीबीएस नऊ वर्षांत संपवावं लागतं. दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजी येते. तेव्हा अख्खा वर्ग तुमच्याकडे नोट्स मागायला येईल. त्या आत्ताच नीट बांधून ठेवा, हॉस्टेलला जाताना आई रद्दीत घालते.